काकूंच्या बैलांसाठी निवडलेलं रबर

हिंगोलीजवळ आमचं छोटं शेड आहे. मी आणि माझा भागीदार तिथे रबराची कामं करतो. पंपांची सीलं, सिमेंटच्या जाळ्यांचे साचे. कोणत्या कामाला कोणतं सिलिकॉन रबर घ्यायचं, हे पहिल्यापासून मीच ठरवतो. गिऱ्हाईक आलं की विचारतो, साच्यात काय भरणार आणि किती वेळा?

काकूंना मी हे विचारलं नाही. उत्तरं मला माहीत होती.

काकू आमच्या साखरा गावातल्या कुंभारीण. पोळ्याच्या सकाळी मातीचे बैल टोपलीत घेऊन त्या ठरलेल्या घरी जात. घरागणिक एक जोडी, बदल्यात सूपभर धान्य. ती घरं सासूकडून त्यांच्याकडे आलेली. दोन वर्षांपूर्वी त्यांची बोटं आखडली, तेव्हा मला म्हणाल्या, "बाबा, तू साचे करतो म्हनं. माझ्या बैलाचा एक करून दे की. हात न्हाई चालून राहिले."

ओल्या मातीला साचा प्लास्टरचा लागतो. प्लास्टर पाणी ओढून घेतं, माती आकसते आणि आपोआप सुटते. रबर पाणी ओढत नाही; त्यात प्लास्टर ओततात, माती भरत नाहीत. हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल.

शेडमध्ये भागीदारानं काकूंचा बैल हातात घेऊन फिरवून पाहिला. "प्लॅटिनमवालं सिलिकॉन घे. कितीबी डाव ओत, शिंगाची धार जात न्हाई."

"काकूला एवढ्या टिकाऊची काय गरज?"

"चांगलं करायचं तर बराबर कर ना. काकू हाय तुझी."

साधं, स्वस्त सिलिकॉन काही महिन्यांत आकसतं. प्लॅटिनमवालं वर्षानुवर्षं टिकतं. मी तेच घेतलं. मनाला सांगितलं, रबर मऊ असतं, बैलाचे पाय मोडणार नाहीत. कशासाठी टिकायला हवं, हे भागीदाराला विचारलं नाही.

चार दिवसांत काकूंनी साचा परत आणला. "तुझ्या साच्यातून समदे बुच्चेच निघून राहिले बघ. कान आतच राहत्यात. असे बैल कोनाच्या पाटावर ठेवू?" आणि हसल्या. दुरुस्त करून देतो म्हणून मी साचा ठेवून घेतला. कामं आली, तो तसाच पडून राहिला.

पुढच्या पोळ्याच्या आदल्या दिवशी हिंगोलीच्या बाजारात गाडीवर प्लास्टरचे बैल पाहिले. रांगच्या रांग, तेलरंगात चमकणारे. मानेखाली काकू अंगठ्यानं दाबतात तो खळगा प्रत्येकाला होता.  तसाच शेडवर भागीदाराकडे गेलो.

"मला न सांगता त्या साच्यात ओतलेस?"

"काहून सांगू? साचा आपल्या शेडचा हाय."

"काकूंचा होता तो."

"काकूचा? काकू मातीचे बैल करते ना?" तो शांतपणे म्हणाला. "मंग प्लास्टरचा साचा करून द्यायचा होता तिला. रबर तूच निवडलं, मालक."

वीस वर्षांची सोबत. त्यानं मला फसवलं, हे मी आजही म्हणतो. पण ते कोणाला सांगू लागलो, की रबरापाशी येऊन थांबतो.

पोळ्याच्या सकाळी गावात शिरताना काकूंच्या ठरलेल्या घरांत पाटावर ते चमकणारे बैल दिसले. काकू ओट्यावर टोपली भरत होत्या. आखडलेल्या हातांनी केलेल्या सातच जोड्या. मी सगळं सांगितलं, काही मागे ठेवलं नाही.

"प्लास्टरचा साचा येतो तुला?" त्यांनी विचारलं.

"येतो."

"तवा बी येत व्हता?"

"व्हय काकू."

 मला शिव्या हव्या होत्या. मग त्यांनी टोपली पुढे ओढली.

"कोनाकोनाच्या घरी आलेत ते सांग. उगं दारात जाऊन उभी राहायची न्हाई मी."

मी एकेक घर सांगत गेलो. प्रत्येक घरासरशी त्या एक जोडी टोपलीतून काढून ओट्यावर ठेवत होत्या.