एकटीची प्रतिज्ञा

माझ्या खिडकीतून जिल्हा परिषदेची शाळा दिसते. तिथे आता एकच मुलगी उरली आहे. हवी ती शाळा निवडा, फी आम्ही भरतो, असं सरकारने सांगितलं आणि बाकीची मुलं व्हॅनमधून तालुक्याला जाऊ लागली.

"तुम्ही नाही का निवडली?" मी तिच्या आईला विचारलं.

"निवडली की! पण व्हॅन आमच्या वस्तीवर येत नाही."

निवडायला सगळ्यांना सांगितलं. न्यायला मात्र कुणी आलं नाही. आता ही शाळाही बंद होणार म्हणे.

आज परिपाठाला ती अंगणात उभी राहिली. प्रतिज्ञा एकाने सांगायची, बाकीच्यांनी मागून म्हणायची. तिने सगळे आपले बांधव असल्याची ओळ सांगितली, जरा थांबली, आणि समोरच्या रिकाम्या जागेत जाऊन तीच ओळ मागून म्हटली.