लाल रेघ उजवीकडे

प्रयोगशाळेत त्यांना सगळे वहिनी म्हणत, कारण त्यांचा नवरा सगळ्यांचा दादा होता. रेघवाले दादा. तेलविहिरीतून दगडाचा लांब दांडा वर आला, की त्याच्यावर लगेच दोन रेघा ओढायच्या, लाल उजवीकडे आणि काळी डावीकडे, हे दादांचं काम. लाल उजवीकडे येईल असा दगड उभा धरला, की जमिनीत त्याची वरची बाजू कोणती होती ते कळतं. ते दगड पेट्यांतून वहिनींकडे येत. वहिनी त्यांतून अंगठ्याएवढे तुकडे कापत, टोल्युइन नावाच्या द्रावकात धुऊन जुनं तेल काढत, वाळवून प्रयोग करणाऱ्या साहेबांच्या हवाली करत. साहेब त्यांत पुन्हा तेल भरत आणि खालून पाणी ढकलून किती तेल सुटतं ते पाहत. अख्खा संसार या दगडांवर चालला होता.

एक गोष्ट मात्र वहिनींखेरीज कोणालाच ठाऊक नव्हती. दादांना लाल आणि काळा एकसारखेच दिसत. लग्नानंतर थोड्याच दिवसांत ते काळा समजून भडक लाल शर्ट घालून एका घरी सांत्वनाला निघाले, तेव्हा वहिनींनी कपाळावर हात मारला. दोघंही हसून हसून बेजार झाले. मग दादांनी गळ घातली, की कुठे बोलू नकोस, नोकरी जाईल. पेनांवर रंगाचं नाव लिहिलेलं नसे, म्हणून लाल पेनाला चिकटपट्टीचा वेढा घालून देणं वहिनींच्या गळ्यात पडलं. बोटाला पट्टी लागली की लाल. नोकरीभर हे गुपित दोघांनी पोटात ठेवलं.

विहिरीवर शेवटच्या खेपेला निघताना भांडण झालं. कारण अगदीच फुसकं, गळका नळ. वहिनींनी तोंड फुगवलं आणि नवी पेनं पट्टी न लावताच पिशवीत टाकली. अडलं की करतील फोन, मनाशी म्हणाल्या. फोन आला तो विहिरीवरच्या डॉक्टरांचा. दादांचं हृदय कामावरच बंद पडलं होतं.

काही आठवड्यांनी त्यांची शेवटची पेटी वहिनींच्या टेबलावर आली. कापण्याआधी तुकडे रेघांप्रमाणे ओळीने मांडून तुटलेल्या कडा जुळतात का पाहायचं असतं. एकही जुळेना. त्यांनी एक तुकडा उलटा केला, मग शेजारचा. कड चपखल बसली. अख्ख्या पेटीवर लाल रेघ काळीच्या जागी होती.

गप्प बसल्या असत्या तर कोणाला पत्ता लागला नसता. कडा सपाट करायला करवत हाताशी होतीच. पण मग दगड प्रयोगात डोक्यावर उभा राहिला असता आणि साहेबांची मेहनत पाण्यात गेली असती. बोललं तर मेलेल्या माणसाचं नाव धुळीला मिळणार. डोकं दुखतंय असं सांगून त्या घरी निघून गेल्या. राग कोणावर काढावा कळेना, स्वतःवर, नळावर, की त्या हट्टी माणसावर.

दुसऱ्या दिवशी त्यांनी साहेबांना शर्टापासून नळापर्यंत सगळं सांगितलं. साहेब चाचरत म्हणाले, "वहिनी, मग त्यांच्या जुन्या पेट्याही तपासाव्या लागतील."

"तपासा. त्या वेळी पेनाला पट्टी होती. ही एवढी चूक माझी आहे, त्यांची नाही."

या पेटीवरच्या रेघा पुसून नव्याने ओढायला लागतील, ते काम दुसऱ्या कोणाकडे देतो, असं साहेब म्हणाले. वहिनींनी नकारार्थी मान हलवली. मीच करते, म्हणाल्या.

फडकं टोल्युइनमध्ये बुडवून त्या एकेक तुकडा पुसत गेल्या. घरात दादांचे कपडे होते, चपला होत्या, पण त्यांच्या हातचं शेवटचं काम हेच होतं आणि ते फडक्यावर मळकट डाग होऊन उतरत होतं. एका तुकड्यावर लाल रेघ मध्येच थांबून पुन्हा सुरू झाली होती. इथे ते अडले असणार. दोन्ही पेनं उलटीसुलटी करून पाहिली असणार, आणि कोणाला विचारायची सोय नव्हती.

"अहो, एक फोन करायचा होतात," वहिनी हळूच म्हणाल्या. "मी तरी कुठे केला."

मग त्यांनी तोही तुकडा पुसला.