थेंबभर डिंक

आश्विन शुद्ध अष्टमी. उद्या खंडेनवमी, म्हणून आज दुपारी शाळेच्या एअर रायफलींची टोपणं काढायची, आटे स्पिरिटनं पुसायचे आणि डिंक लावून टोपणं परत बसवायची आहेत. मागच्या पत्र्याच्या हॉलमध्ये मी एकटीच बसले आहे. गुडघे दुखतात. पंख्याचा नुसता आवाज होतो, वारा येत नाही. बाहेरच्या रस्त्यानं तुळजापूरला पायी निघालेल्यांचा उदो उदो सकाळपासून चालू आहे. खरं तर हे काम माझं नाही. हे हवालदारांचं काम.

हवालदार डिंकाची बाटली उघडण्याआधी कानाशी धरून हलवायचे. आतून काहीतरी उत्तर यावं तसे थांबायचे. मग टोपणाच्या आट्यांवर एकच थेंब सोडायचे आणि समोर जो कोणी असेल त्याला सांगायचे, "थेंबभर. आवळताना सोडायचं ध्यानात ठिवा." समोर कोणी नसेल तर रायफलीला सांगायचे.

ते पोलिसांच्या शस्त्रागारातून निवृत्त झालेले. येडशीहून एस.टी.नं यायचे, आठवड्यातून दोनदा, कधी तिसऱ्यांदाही. शाळेत मी खेळ शिकवते आणि नेमबाजीचा वर्ग माझ्याकडे आहे. त्यांना मी बोलावलं होतं एका रायफलीच्या दुरुस्तीसाठी. नंतर ते न बोलावताच येत राहिले. अशी माणसं तुमच्याही पाहण्यात असतील. कामाला येतात आणि मग कामच त्यांना धरून ठेवतं.

रायफलीच्या नळीच्या टोकाला आट्यांवर फिरवून बसवलेलं एक टोपण असतं. नेम धरायची माशी त्याच्यावरच असते. छर्‍यामागून छर्रा सुटतो तसं हे टोपण केसभर केसभर सैल होतं. मुलगी रडकुंडीला येते, म्हणते माझा हात हलतो. हात नसतो हलत, माशी हलत असते. म्हणून आट्यांना धरून ठेवणारं ते औषध. बाटलीवर त्याचं लांबलचक इंग्रजी नाव आहे. हवालदार त्याला डिंक म्हणायचे, मग आम्हीही.

डिंक दोन प्रकारचा. निळा लावला तर हातानं जोर करून टोपण पुन्हा काढता येतं. लाल लावला की ते तिथंच राहतं. फार तापवलं तरच सुटतं. पोलिसांच्या रायफलींची गोष्ट वेगळी, असं ते सांगायचे. तिथं गोळ्या सुटून नळीचं टोक इतकं तापतं की साधा डिंक आपोआप सुटतो आणि टोकाला बसवलेला तुकडा ढिला होतो. त्याला उष्णतेचा वेगळा डिंक लागतो. "हितं हवा हाय नुसती. हितं निळाच," असं म्हणून ते आमच्या रायफलींकडे जरा दयेनं बघायचे.

टोपण बसलं की नळी आणि टोपण यांच्या सांध्यावरून आडवी एक पांढरी रेघ मारायची. टोपण फिरलं तर रेघ तुटते आणि लांबून कळतं. रेघ नेलपॉलिशची. ते विकत घ्यायला हवालदार स्वतः बांगड्यांच्या दुकानात जायचे. दुकानदारीण विचारायची, आज कुणासाठी हो? हे गंभीरपणे सांगायचे, आमच्या घरात बारा बंदुका हायेत, समद्यांना नटायचं असतं.

वर्षाचं मोठं काम अष्टमीला असायचं, त्यामागे त्यांचा हिशोब होता. डिंक पक्का धरायला एक दिवस लागतो आणि तेवढा दिवस पोरं हात लावल्याशिवाय राहत नाहीत. खंडेनवमीला पूजा झाली की हत्याराला दसऱ्यापर्यंत कोणी शिवत नाही. "देवीनं डिंकासाठीच दिवस नेमून दिलाय," म्हणायचे.

गेल्या वर्षीही तसंच झालं. अष्टमीला डिंक, नवमीला हळदकुंकू, दसऱ्यापर्यंत विश्रांती. नंतर स्पर्धेसाठी माशा बदलायच्या होत्या, तर एकही टोपण हलेना. हवालदारांनी पहिल्या रायफलीला पाना लावला, पाना घसरला आणि टोपणावर लांब चरा उमटला. त्यांनी पुन्हा लावला. पुन्हा घसरला. मी बाटल्या उचलून पाहिल्या. निळ्या डिंकाची भरलेली होती आणि लालची अर्धी संपली होती.

दोन्ही बाटल्या काळ्या. लेबल वाचायचं, नाहीतर थेंबाचा रंग बघायचा. मी एका कागदावर दोन्हींचा एकेक थेंब सोडला आणि त्यांच्यापुढे धरला.

"हवालदार, यातला निळा कुठला?"

त्यांनी कागद खिडकीकडे नेला, परत आणला.

"डिंक हाय की," ते म्हणाले. "दोनी डिंकच हायेत."

मी कागद परत घेतला.

बाकीच्या रायफलींतली हवेची नळकांडी काढून ठेवली आणि टोपणांना सोल्डरिंगची तापलेली कांडी लावून ती एकेक सोडवली. जळका वास दोन दिवस हॉलमध्ये होता. चरा पडलेली तेवढी सुटली नाही. मुख्याध्यापक म्हणाले, सोलापूरहून माणूस बोलावू, यांना आता नारळ द्या. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. पण हवालदारांच्या बायकोचा, काकूंचा मला फोन आला होता. काकू म्हणाल्या, बाई, ह्यांना घरी नका बसवू. घरी असले की दाराचे, कपाटाचे, शिलाई मशीनचे, सगळे स्क्रू आवळत बसतात. परवा कुकरचं हॅण्डल इतकं आवळलं की मोडलं.

मी हवालदारांना सांगितलं, मोतीबिंदू काढा, मग या. तोवर रायफलीला हात नाही. ते म्हणाले, डोळ्यात सुरी घालतेत. मी म्हटलं, पोलिसात होतात ना. ते म्हणाले, पोलिसात डोळ्यात कुणी न्हाय घातली. बरेच दिवस फोनवर हाच वाद चालला. शेवटी दिवाळीच्या सुट्टीत मी त्यांना सोबत घेऊन दवाखान्यात गेले. ऑपरेशन चांगलं झालं.

सुट्टीनंतर ते आले. काळा चष्मा, इस्त्रीचा शर्ट, पिशवीत माझ्यासाठी शेंगा. हॉलमध्ये शिरल्या शिरल्या त्यांनी चष्मा काढला आणि सगळीकडे बघून घेतलं. भिंत लई घाण हाय की ओ बाई, म्हणाले. मी हसले. काम संपलं, असं मला वाटलं होतं.

मग त्यांनी चरा पडलेली रायफल खाली घेतली आणि दाराच्या उजेडात नेली. टोपणावरून अंगठा फिरवला. पांढरी रेघ पाहिली. ती वाकडी होती, पोरानं पाटीवर ओढावी तशी. दुसरी रायफल घेतली, तिसरी घेतली. टोपणं सोडवताना तुटलेल्या, पण त्यांनीच ओढलेल्या जुन्या रेघा. कुठली सांध्यावरून गेलीच नव्हती, कुठली दोनदा ओढलेली.

"हे म्या केलंय?"

"हो."

"कधीपासनं?"

"एक-दीड वर्ष असेल."

त्यांनी सगळ्या रायफली जागच्या जागी ठेवल्या. दोन्ही बाटल्यांची झाकणं घट्ट आहेत का ते पाहिलं. खिशातली नेलपॉलिशची बाटली काढून माझ्या टेबलावर ठेवली.

"आता तुमी लावा," म्हणाले. "मला दिसतंय आता."

मी म्हटलं, दिसतंय म्हणूनच तर या. त्यांनी मान हलवली आणि चष्मा घातला. मला वाटलं, आठवडाभर रुसतील. ते आलेच नाहीत. येडशीला आहेत, तब्येत बरी आहे. काकू सांगतात की स्क्रूंनाही हात लावत नाहीत. सकाळी स्टेशनावर जाऊन बसतात, गाड्यांचे नंबर लांबूनच वाचून दाखवतात. माणूस आंधळा असताना कामाला येत होता, दिसायला लागल्यावर यायचा थांबला. कोणाला सांगायचं हे.

सोलापूरचा माणूस अजून मिळालेला नाही. म्हणून मी.

चार वाजता फोन आला. हवालदारांचाच. उगाच एस.टी.ची गर्दी, देवीची गर्दी, असं बोलत राहिले. मग विचारलं,

"थेंबभर ना, बाई?"

"थेंबभर."

"निळा?"

"कागदावर बघून घेतलाय. निळाच."

"बरं," म्हणाले आणि फोन ठेवला.

शेवटी चऱ्याची रायफल उरली. तिचं टोपण काढायचं नव्हतं, ते निघणारही नव्हतं. फक्त ती वाकडी रेघ खरवडून सरळ ओढावी म्हणून मी ब्लेड हातात घेतलं. रेघ नीट पाहिली. कुठंही तुटलेली नव्हती. मी ब्लेड ठेवून दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ करून शाळेत आले. सतरंजीवर रायफली मांडल्या, शेजारी निळ्या डिंकाची बाटली आणि नेलपॉलिश. एकेकीला हळदकुंकू लावलं. चऱ्याच्या रायफलीला लावताना बोट जरा मागे घेतलं, म्हणजे रेघेवर कुंकू येऊ नये. झेंडूचं एक एक फूल ठेवलं, दार ओढून कुलूप लावलं आणि किल्ली घेऊन घरी आले.