गुलाबी खीर

हेप्झिबाबाई वाकरूळकरांना नवं काही सुचत नाही, हे सासर, माहेर आणि टेलिफोन एक्सचेंज या तिन्ही ठिकाणी एकमतानं ठरून गेलं होतं. बाईंना त्याचं वाईटही वाटत नसे. एक्सचेंजमध्ये सगळी नोकरी त्यांनी तीच चार वाक्यं बोलून काढली आणि नवीन पनवेलच्या तळमजल्यावरच्या घरात सासूबाईंनी घालून दिलेला रिवाज तसाच चालवला. शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथचे दिवे, नवस फिटला की मलिद्याचं ताट. मटण असलं की दुधाचं पातेलं फ्रिजच्या मागच्या कोपऱ्यात, आणि जेवणावरचा चहाही कोरा. बेने इस्रायलांच्या, म्हणजे कोकणातल्या ज्यूंच्या, घरात मांस आणि दूध एका जेवणात येत नाही, म्हणून त्या दिवशीचं गोड नारळाच्या दुधात करायचं. हे सगळं बाईंच्या हाताला इतकं बसलं होतं की डोकं घालावंच लागत नसे.

मग बाईंच्या नवऱ्याला, एलिशामास्तरांना, पक्षाघात झाला. सगळा जन्म गणित शिकवून पोरांचे कान पिळलेला माणूस, त्याची उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. डाव्या हातात जीव होता, पण तो हात ते मांडीवर ठेवून देत. दिवसभर खिडकीजवळच्या खुर्चीत बसत, समोर बघत. त्यांना किती कळतंय, हे डॉक्टरही छातीठोकपणे सांगेनात. आणि हळूहळू मास्तरांनी तोंड उघडायचंच बंद केलं. चमचा ओठांशी नेला की ओठ मिटलेले.

व्यायाम करून घ्यायला खारघरहून कोमल नावाची मुलगी यायची. ती म्हणाली, "आंटी, तुमचं सगळं सेम टू सेम असतं. तोच कप, तीच पेज. अशानं ब्रेन झोपून जातो. रोज काहीतरी क्रिएटिव्ह करा ना!"

"मी? मला नाही गं असलं काही येत," बाई म्हणाल्या.

पण त्याच आठवड्यात डॉक्टरांनी सांगितलं की सोमवारपर्यंत खाणं वाढलं नाही, तर नाकातून नळी घालावी लागेल.  बाईंच्या थोरल्या भावाला अशीच नळी घातली होती. तो ती ओढून काढायचा, म्हणून त्याचे हात पलंगाला बांधले होते. तसाच गेला तो, बांधलेल्या हातांनी. त्या रात्री बाईंना झोप लागली नाही आणि सकाळी त्यांनी पदर खोचला.

पहिल्या दिवशी चहा कपाऐवजी वाटीत दिला. मास्तरांनी वाटीकडे पाहिलंसुद्धा नाही. मग त्यांची खुर्ची खिडकीजवळून उचलून दारापाशी ठेवली, तर मास्तरांनी घशातून असा काही आवाज काढला की शेजारच्या दमयंती धावत आल्या. खुर्ची मुकाट्यानं जागेवर गेली. बाईंनी बटाट्यांना लवंगांचे डोळे लावून नवराबायको केले आणि दोन आवाजांत त्यांचं भांडण लावलं. मास्तरांची मान खाली. हसल्या फक्त दमयंती, आणि जाताना मास्तरांच्या देखतच म्हणाल्या, "कशाला जीव आटवताय वहिनी? त्यांना काय कळतंय आता!"

लोक त्यांच्यासमोर असं सर्रास बोलत. अपवाद एकच, करंज्याहून मासळी घेऊन येणारी वेणू. ती टोपली उतरवली की आधी खुर्चीकडे वळायची. "मास्तर, आज पापलेट आणलाय, ताजा हाय. तुमी खाल तर काटा मी काडून देतो." उत्तर आलं नाही तरी तिचं काही बिघडत नसे. बाईंना तिचं हसू यायचं.

आणि मधेच एक भलतीच गोष्ट झाली. बाईंना त्या उद्योगात गोडी लागली. एका सकाळी त्यांनी ताटात मऊ पोह्यांचं पनवेलचं वडाळे तळं केलं, कोथिंबिरीची झाडं, काठावर डाळिंबाच्या दाण्यांची माणसं. ते इतकं देखणं झालं की त्या बघतच राहिल्या. हे आपण केलं? सहासष्ट वर्षं हे कुठं होतं? मग खुर्चीकडे लक्ष गेलं आणि त्यांना स्वतःची शरम वाटली. नवरा असा बसलाय आणि आपण खेळतोय. मास्तरांनी त्या तळ्यातला एक घासही घेतला नाही.

दुपारी इस्रायलहून मुलाचा, एलियाहूचा फोन आला. "आई, पप्पा कसे आहेत?" एवढंच त्यानं विचारलं, आणि बाईंचा बांध फुटला.

"पप्पा गेले रे तुझे," त्या मास्तरांच्या खुर्चीशेजारी उभ्या राहूनच म्हणाल्या. "मी भरवते, धुते, पुसते ते नुसतं शरीर आहे. कधीकधी वाटतं, त्या दिवशीच सुटले असते तर बरं झालं असतं. तेही, आणि मीही."

 बाईंनी फोन ठेवला आणि संध्याकाळच्या भाजीला लागल्या.

रविवार उजाडला. शेवटचा दिवस. एलियाहूनं मुंबईहून ओळखीच्या माणसाकडून ज्यू पद्धतीनं कापलेलं मटण पाठवलं होतं. बाईंनी ते इतकं शिजवलं की बोटानं तुटावं, आणि रस्सा गाळून घेतला. मास्तरांनी दोन चमचे घेतले. दोनच, पण घेतले! बाईंच्या अंगात बळ आलं. सकाळीच करून ठेवलेली खीर त्यांनी आणली. आदल्या रात्री सुचलेली, अगदी नवी. बीट किसून घातलेलं, वर गुलाबाच्या पाकळ्या, काचेच्या बाउलमध्ये मांडलेली. असला गुलाबी रंग त्या घरात कोणी पाहिला नव्हता.

चमचा ओठांशी गेला. ओठ मिटले.

"अहो, एकच घास." मास्तरांनी मान फिरवली. बाईंनी चमचा तिकडे नेला, त्यांनी इकडे फिरवली. मग बाईंचा तोल गेला. डाव्या हातानं त्यांनी मास्तरांची हनुवटी धरली आणि चमचा दातांवर दाबला. "उघडा! उद्या नळी घालतील, कळतंय का? हात बांधतील तुमचे! उघडा तोंड!"

मास्तरांचा डावा हात मांडीवरून उठला आणि त्यांनी बाउल ढकलून दिला. खीर बाईंच्या मांडीवर सांडली.

"म... मटण," मास्तर म्हणाले. घसा खरवडून निघालेला आवाज. मग खिरीकडे बोट करून, "दूध."

बाई बघत राहिल्या. नव्याच्या नादात सकाळी त्यांनी पिशवी फोडून म्हशीचं दूध पातेल्यात ओतलं होतं. मटणाच्या दिवशी. उभ्या जन्मात न झालेली चूक. मांडीवरच्या खिरीला नारळाचा नव्हे, आटलेल्या दुधाचा वास येत होता.

"अगंबाई!" त्या ओरडल्या, हसल्या, रडल्या, सगळं एकदम. "बोललात! अहो, तुम्ही बोललात! तुम्हाला कळतंय!"

तुम्हाला कळतंय, हे शब्द तोंडातून गेले आणि बाईंचं हसू जागच्या जागी थिजलं. खुर्चीशेजारी उभं राहून केलेला तो फोन त्यांना आठवला. 

 त्यांनी लुगड्यावरची खीर पुसली, नारळ फोडला आणि विळी स्वयंपाकघरातून उचलून बाहेर आणली. खुर्चीसमोर, मास्तरांना दिसेल अशी मांडून खोबरं खवलं, वाटून दूध काढलं, आणि त्यात पुन्हा खीर केली. बीट तेच, रंगही तोच. पाकळ्या मात्र घालायचं त्यांना सुचलं नाही.

बाउल घेऊन त्या समोर बसल्या. चमचा भरला, पण पुढे करवेना.

"मी एलियाहूशी फोनवर बोलले," त्या म्हणाल्या. "ते ऐकलंत तुम्ही?"

मास्तरांनी त्यांच्याकडे पाहिलं.

"हो."

बाईंची मान खाली गेली. मग चमच्याला ओढ लागली. मास्तरांनी तो डाव्या हातानं त्यांच्या बोटांतून सोडवून घेतला, वाकडातिकडा तोंडाशी नेला. अर्धी खीर सदऱ्यावर सांडली, अर्धी तोंडात गेली. त्यांनी दुसरा चमचा भरला. सदरा पुसायला बाईंचा हात उचलला नाही.