नफीसा आपाला कोण ओळखतं

ही गोष्ट श्रीकांतला माहीत नाही. श्रीकांत म्हणजे माझा नवरा. सासूबाईंना माहीत नाही, आणि मुक्ताला, आमच्या मुलीलाही नाही — खरं तर तिला तरी माहीत असायला हवी होती. बहिणीजवळ एकदा जिभेवर आली होती, पण मी मध्येच उठून चहा ठेवायला गेले. तुमच्याजवळ बोलते आहे, कारण तुम्ही आमच्या घरी येत नाही.

हल्ली आमच्या या हिंदी मुलखातल्या शहरात जिथे जावं तिथे तोच वाद. मत द्यायला ओळखपत्र किती कडकपणे मागावं? शाळेच्या स्टाफरूममध्ये तेच, टावर चौकात पोहे खायला थांबलं तरी तेच. एक म्हणतो, कागद नसेल तर मत नाही, नाहीतर कोणीही कोणाच्याही नावावर बटण दाबून जाईल. दुसरा म्हणतो, गरिबाच्या घरात कागद टिकतात कुठे, खरी माणसंच दारातून परत जातात. माझी बाजू ठरलेली आहे — कडकच हवं. मी शिक्षिका, निवडणुकीच्या ड्यूट्या केलेल्या, म्हणून माझं लोक ऐकूनही घेतात. आणि हे मी उगाच बोलत नाही. बरंचसं मला अजूनही पटतं.

पण बोलताना मी सावध असते. मला वाटत राहतं, आता कोणीतरी विचारणार — मॅडम, तुमच्या बूथवर कधी असं झालं का? अजून कोणी तसं विचारलेलं नाही. विचारलं तर मी काय सांगेन? बहुतेक खोटंच सांगेन. मला खोटं बोलता येतं. ते आधी सांगायला हवं.

मुक्ता काही महिन्यांची होती तेव्हा माझी बदली भैरवगढ़च्या बाजूच्या एका शाळेत झाली. आम्ही फ्रीगंजला राहायचो. सासूबाईंचे गुडघे तेव्हाही दुखायचे, आणि मुळात मी नोकरी करावी हेच त्यांना फारसं मान्य नव्हतं. मूल सांभाळता येत असेल तर कर, नाहीतर सोड, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. मी मुक्ताला कडेवर घेऊन टेम्पोने शाळेत जाऊ लागले. हेडमास्तर रागवायचे. वर्गात ती रडायची.

शाळेच्या समोरच्या गल्लीत चादरींवर रंगाचे ठप्पे मारणारं एक घर होतं. तिथली नफीसा. माझ्यापेक्षा थोडी मोठी, म्हणून मी आपा म्हणायचे. तिचा आसिफ मुक्ताच्याच वयाचा. एक दिवस मुक्ता रडून रडून निळी पडायला आली, तेव्हा आपा सरळ वर्गात आली, माझ्या हातातून तिला घेतलं आणि गेली. मधल्या सुट्टीत मी पाहायला गेले तर दोन्ही मुलं एका गोधडीवर झोपलेली. त्या दिवसापासून मुक्ता तिथेच वाढली. चालायला तिथे शिकली. बाटलीचं दूध ती तोंडात धरायची नाही, म्हणून आपा तिला अंगावर पाजायची. हे मला ठाऊक होतं. मी नाही म्हटलं नाही. उलट सुटल्यासारखं वाटलं.

घरी मी काय सांगितलं? शाळेजवळ तिवारीबाई म्हणून एक विधवा ब्राह्मण बाई आहेत, त्या बघतात. हे नाव कुठून सुचलं, कोण जाणे. सासूबाईंना बरं वाटलं. दिवाळीला त्यांनी तिवारीबाईंसाठी फराळाचा डबा आणि ब्लाऊजपीस पाठवलं. चिवडा आपाने खाल्ला, फार आवडला तिला, वर विचारलं, यात तुमच्या सासूबाई काय घालतात? मी हसले. आपाला तिवारीबाईंबद्दल कधी सांगितलं नाही, पण मला वाटतं तिला कळलं होतं. तिने एकदाही म्हटलं नाही की दीदी, मला तुमच्या घरी घेऊन चला.

पुढे मुक्ता शाळेत जाऊ लागली, माझी बदली झाली, आम्ही इंदूर रोडकडे घर घेतलं. जाणं कमी झालं. मग राहिलंच.

आणि मग, बऱ्याच वर्षांनी, ती निवडणूक. आपल्या भागात ड्यूटी देत नाहीत, त्यामुळे माझी चिठ्ठी भैरवगढ़कडच्या बूथची निघाली. मी मतदान अधिकारी क्रमांक एक होते. म्हणजे काय, तर यादी माझ्यासमोर. मतदार आला की त्याचं ओळखपत्र बघायचं, नाव मोठ्याने वाचायचं, म्हणजे मागे बसलेले पक्षांचे एजंट आपापल्या यादीत खूण करतात. बूथप्रमुख होते दिघेसाहेब, बँकेतले. आपलेच मराठी. त्यांची बायको आणि माझ्या सासूबाई एकाच गणेशोत्सव मंडळात. सकाळी भेटल्या भेटल्या साहेबांनी ओळख काढली, डब्यातली साबुदाण्याची खिचडी दिली. मला फार धीर आला होता. मला त्या ड्यूटीची भीतीच वाटते — ट्रेनिंगमध्ये इतकं घाबरवतात, की सही चुकली तर निलंबन, अमुक राहिलं तर नोटीस.

दुपारची वेळ. लाईन विरळ झालेली. मी मान खाली घालून काम करत होते. समोर एक पर्ची आली, मतदाराला घरी मिळते ती नावाची चिठ्ठी. ती बघून मी यादीत नाव शोधलं आणि मोठ्याने वाचलं — नफीसा बी. वाचून झाल्यावर मला कळलं मी काय वाचलं ते.

मी वर पाहिलं. आपाच होती. केस पिकलेले, बोटं मात्र तशीच, नखांच्या कडेला काळा रंग. तिने मला ओळखलं. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी अजून विसरले नाही — आनंद होता तो, दुसरं काही नाही.

मी म्हटलं, पहचान पत्र. तसंच म्हटलं, सकाळपासून सगळ्यांना म्हणत होते तसं.

तिच्याकडे नव्हतं. नदीचं पाणी गल्लीत शिरलं तेव्हा पेटीतले सगळे कागद भिजून लगदा झाले होते. आधारसाठी खेटे घातले, पण ठप्पे मारून मारून बोटांच्या रेषाच गेल्या होत्या, मशीन ठसा घेत नव्हतं. पर्ची होती आणि लाईटबिल होतं. हे ती मला सांगत होती, हळू आवाजात. मागून एक एजंट उठला. तरुण मुलगा होता, उद्धट नव्हता. म्हणाला, पर्ची चलती नहीं, हमें आपत्ति है. त्याचा आक्षेप बरोबरच होता. नियम तोच होता.

दिघेसाहेब आले. भला माणूस. त्यांनी तिला हाकललं नाही. मला मराठीत म्हणाले, यादीत नाव आहे, बाई खरी वाटते, आक्षेप आला की चौकशी करून ठरवायचा अधिकार मला आहे. कोणी जबाबदार माणूस हिला ओळखतो म्हणाला तरी मी लिहून घेईन आणि मत देऊ देईन. मग तिच्याकडे वळून त्यांनी विचारलं, "यहाँ कोई है जो आपको पहचानता हो?"

आता बघा — मी त्यांच्या शेजारीच बसले होते. सरकारी शिक्षिका. माझ्याहून जबाबदार माणूस त्या खोलीत कोण होता? एक वाक्य म्हणायचं होतं. मी ओळखते. मग दिघेसाहेबांनी सहज विचारलं असतं, तुम्ही कशा ओळखता हो? आणि मी काय सांगणार होते? हिच्या घरी माझी मुलगी वाढली? ते मंडळात गेलं असतं, मंडळातून घरी. तिवारीबाईंचं काय झालं असतं? हे सगळं माझ्या डोक्यात तेव्हा झरझर गेलं. मी घाबरले होते हे खरं. पण कशाला घाबरले होते? नोकरीला नाही. नोकरी जाण्यासारखं त्यात काहीच नव्हतं.

मी मान खाली घातली आणि यादीचं पान उलटलं. उगाच. त्या पानावर काही काम नव्हतं.

आपा माझ्याकडे बघत होती, ते मला न बघता कळत होतं. मग ती म्हणाली, "नहीं साहब. यहाँ मुझे कोई नहीं पहचानता."

दिघेसाहेबांनी तिला सांगितलं, कोणाला तरी घेऊन या, वेळ आहे अजून. ती बरं म्हणाली. दारापर्यंत गेली, तिथे चप्पल नीट घातली, आणि गेली. संध्याकाळपर्यंत प्रत्येक वेळी दारात सावली पडली की मी यादीत डोकं खुपसायचे. ती येऊ नये असं मला वाटत होतं. हो, येऊ नये असंच. ती आली नाही.

मशीन जमा करून परत येताना बसमध्ये दिघेसाहेब म्हणाले, आज काही गडबड झाली नाही, छान झालं. पुढे मंडळात त्यांच्या बायकोने सासूबाईंना सांगितलं, तुमची सून कामाला अगदी पक्की आहे. सासूबाईंनी ते सगळ्यांसमोर दोनदा सांगितलं. मी लाजल्यासारखं केलं.

त्यानंतर बऱ्याच महिन्यांनी मी भैरवगढ़ला गेले. माफी मागायचीच असं ठरवून गेले होते. आपाने पूर्वीसारखंच आत बोलावलं, चहा केला, मुक्ताचं विचारलं — किती शिकली, जेवते का नीट, अजून झोपेत बोलते का. त्या दिवसाबद्दल अवाक्षर नाही. मी वाट पाहत बसले की ती काहीतरी म्हणेल, मग मी बोलेन. शेवटी मीच विचारलं, कार्ड झालं का?

"बन जाएगा," ती म्हणाली. "अब वोट का मन नहीं करता, दीदी. आसिफ जाता है."

तिचा आवाज साधा होता. तिथे मी बोलायला हवं होतं. मी कप खाली ठेवला, उशीर झाला म्हणाले, आणि निघाले. निघताना तिने मुक्तासाठी एक ओढणी दिली, स्वतः छापलेली. घरी मी सांगितलं, टावर चौकात सेल होता.

गेल्या हिवाळ्यात आसिफचं लग्न झालं. आपाने कोणाकडून तरी माझा नंबर मिळवला आणि स्वतः फोन केला. मुक्ताला जरूर आणा म्हणाली, दोघं एका गोधडीवर वाढलेली आहेत. मी हो म्हटलं. लग्नाच्या दिवशी मी शाळेतून रोजच्या वेळेला घरी आले, संध्याकाळचा स्वयंपाक केला. मुक्ता घरीच होती, समोर बसून मटार सोलत होती. तिला मी बोलावणं आल्याचं सांगितलं नाही.