हरसिंगची दुसरी बायको

दारव्ह्याच्या स्टेशनात लहान गाडी लागली तेव्हा माझे आईवडील फलाटाच्या दोन टोकांना उभे होते. आई पाण्याच्या टाकीजवळ, बाबा पार मागच्या डब्यापाशी. मी मधल्या डब्यात खिडकीशी. मुर्तिजापूरला मोठी गाडी धरून पुण्याला जायचं होतं, नर्सिंग शिकायला. बाबा आले, खिडकीच्या गजावर हात ठेवून त्यांनी प्रार्थना केली. ती संपून ते बाजूला होईपर्यंत आई जागची हलली नाही. मग आली.

"तिकडं काही समजलं नाही तं पुसत जाजो," ती म्हणाली. "कोन काय म्हनन म्हनून गुमान बसू नको."

गाडी हलली. दोघांनी हात वर केले, पण एकमेकांकडे पाहिलं नाही. ते साल अठ्ठावन्न.

तुमच्यापैकी जे दारव्ह्याच्या ख्रिस्ती मंडळीत राहिले, आणि जे माझ्यासारखे पोटापाण्यासाठी कुठं कुठं पांगले, त्या बऱ्याच जणांना अजून वाटतं की पाळकबाबा आणि पाळकबाई, म्हणजे माझे आईबाबा, यांच्यात बिनसलं ते माझ्या शिक्षणावरून. तसं नव्हतं. बिनसलं ते हरसिंगच्या दुसऱ्या बायकोवरून.

हरसिंग गावाबाहेरच्या बंजाऱ्यांच्या तांड्यावरचा. शेतीबरोबर बैलगाडीनं दिग्रसच्या जिनिंगला कापूस पोचवायचा. बाबा बाजाराच्या दिवशी तिथं उपदेश करत तेव्हा तो गाडी सोडून ऐकत बसे. छप्पन्न-सत्तावन्नचा काळच तसा होता. नागपूरच्या दीक्षेहून परतलेली माणसं भेटत आणि कोणता धर्म सोडायचा, कोणता धरायचा, हे चहाच्या दुकानातही बोललं जाई. एके दिवशी हरसिंग आमच्या ओसरीवर येऊन म्हणाला, "पाळकबाबा, मले तुमचा येशू पटला. तो असता तं माह्या गाडीवर बसला असता. मले बाप्तिस्मा द्या. माह्या घरच्यायलेही द्या."

घरचे म्हणजे दोन बायका. जमनी त्याची लग्नाची. सोनी त्याच्या थोरल्या भावाची. भाऊ लेकरूबाळ न होता मेला, आणि तांड्याच्या रिवाजाप्रमाणे धाकट्यानं वहिनीला घरात घेतलं. सोनीला हरसिंगपासून एक मुलगी होती, धेनू, नुकती चालायला लागलेली.

बाबांना आनंद झाला, पण दुसऱ्या क्षणी अडचण त्यांच्या लक्षात आली. एका माणसाच्या दोन बायका. मंडळी काय म्हणणार?

मंडळीच्या तीन बैठका झाल्या. उपासनेनंतर, पत्र्याच्या त्या देवळात. बायका डावीकडे सतरंजीवर, पुरुष उजवीकडे, आणि पुढं पाच पंच. हरसिंग दाराशी बसे. जमनी आणि सोनी बाहेर व्हरांड्यात. आत बोललेलं सगळं त्यांना ऐकू जाई.

विरोध होता तो दाऊदमास्तरांचा. मिशनच्या शाळेत जन्म काढलेला, धोतर-कोटातला ताठ माणूस. बाबांनी मोशेचा नियम वाचला, की भाऊ निपुत्रिक मेला तर दुसऱ्या भावानं त्याच्या बायकोला आपली करावं.

"हरसिंगानं आपलं पुस्तक न वाचताच पाळलं," बाबा म्हणाले.

"तुम्ही एकच पान वाचता," मास्तर म्हणाले. "भावाच्या बायकोला शिवू नये हेही त्याच नियमात आहे."

"ते भाऊ जिवंत असताना."

"तसं तिथं लिहिलेलं नाही. तुम्ही घालताय. आणि नव्या करारात एकच बायको सांगितली आहे."

"ती मंडळीच्या पुढाऱ्याला, मास्तर. हरसिंग पुढारी व्हायला आलेला नाही."

अशी पानं उलटत राहिली. पहिल्या बैठकीत मला वाटलं बाबा जिंकले. दुसरीत मास्तर उठले आणि त्यांनी पुस्तक मिटलं. "माझ्या बहिणीवर सवत आणली होती," ते म्हणाले. "ती विहिरीत गेली. मी पाचवीत होतो. एक बायको हा नियम साहेबांनी आणला असेल, पण मला तो देवानं दिला असं वाटतं. तो मी ढिला होऊ देणार नाही." मास्तरांना दुष्ट म्हणणं सोपं आहे, पण मी तेव्हा त्यांचा चेहरा पाहिला आहे.

तिसऱ्या बैठकीला यवतमाळहून मिशनचे साहेब आले. त्यांनी शिकलेल्या मराठीत, फार हळू आवाजात सांगितलं की नियम कठीण आहे पण नियम आहे. हरसिंगनं दुसरीला वेगळं करावं, तिच्या पोटापाण्याची सोय मंडळीनं करावी. सगळ्यांनी बाबांकडे पाहिलं. बाबा खाली बघत होते. घर मिशनचं, पगार मिशनचा, हे मला तेव्हा कळत नव्हतं असं नाही.

तेवढ्यात सतरंजीवरून आई उठली.

"सोय?" ती म्हणाली. "गाय हाये का ते, पांजरपोळात नेऊन बांधाले?"

"बाई," मास्तर म्हणाले, "मंडळीत स्त्रियांनी उगी राहावं असं शास्त्र आहे."

"मंग शास्त्राले म्हना माह्या कानात बोळे घालाले. ऐकू येते तं बोलनच."

"तू बस," बाबा म्हणाले.

आई बसली. साहेबांनी मत मागितलं, पंचांचे हात वर झाले आणि शेवटी बाबांचाही झाला.

हरसिंग दारातून उठला. "मी देवाले धराले आलतो, पाळकबाबा," तो म्हणाला. "बायको सोडाले नव्हतो आलो." त्यानं बैल जुंपले आणि दोघींना घेऊन तो गेला. त्या रविवारपासून आई देवळात सगळ्यात मागं, दाराशी बसू लागली. घरात बाबांना वाढायची, त्यांचे कपडे धुवायची, पण ते ओसरीवरच्या बाकावर बसले की ती उठून जायची.

दिवाळीच्या आधी सोनी नाहीशी झाली. अडाण नदीच्या काठी तिची ओढणी आणि पितळी लोटा सापडला. तांडा, गाव, सगळे काठाकाठानं फिरले. हरसिंग डोहात बुड्या मारत राहिला, ओठ निळे पडेपर्यंत. जमनी काठावर धेनूला कडेवर घेऊन उभी होती. ती रडली नाही. बायका म्हणाल्या, दगड झाली बिचारी.

नाताळच्या सुमारास हरसिंग पुन्हा आमच्या ओसरीवर आला. खाली बसलाही नाही.

"आता एकच राह्यली," तो म्हणाला. "आता तं घेसान?"

बाबांनी त्याला आणि जमनीला त्याच नदीत बाप्तिस्मा दिला. मी काठावर होते. हरसिंग पाण्यातून वर आला, तेव्हा लोक गात होते, आणि तो नदी जिकडं वाहत जाते तिकडं बघत होता.

हे डोळ्यांत घेऊन मी पुण्याला आले. होस्टेलमधल्या मुली माझ्या "मले-तुले"ला खूप हसायच्या. मी सहा महिन्यांत ते पुसून काढलं. ड्यूटी, मेस, वॉर्ड, स्टरलायझर, रिपोर्ट असे नवे शब्द जिभेवर आले. पुण्यातलं चर्च दगडी, उंच, आत ऑर्गन. तिथं कोणी वाद घालत नसे. बायबल क्लासमध्ये लग्नाचा विषय निघाला की बाई छान समजावून सांगत, आणि माझ्या कानात पत्र्याचं देऊळ वाजू लागे. कॅज्युअल्टीत बुडालेली, बेवारस बाई आणली की मी आधी तिचे हात बघायची. सोनीच्या मनगटापासून कोपरापर्यंत गोंदण होतं. ती दारव्ह्याला बुडाली, इथं कशी येईल, हे मला कळत होतं. तरी बघायची. सहा वर्षं मी असे अनोळखी हात उलटून पाहिले. का ते कोणाला सांगितलं नाही.

चौसष्ट साली बाबांना मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी पुण्याला आणलं. दोन्ही डोळ्यांवर पट्टी होती, कदाचित म्हणूनच ते बोलू शकले. दुपारी मी त्यांना पेज भरवत होते.

"सुमन," ते म्हणाले, "सोनी जिवंत आहे."

मी वाटी खाली ठेवली.

दोन वर्षांपूर्वी महागावच्या बाजारात त्यांना ती दिसली होती. डोक्यावर गाद्यांचा ढीग. त्यांना पाहून पळाली नाही. म्हणाली, मी मेली असंच राहू द्या, मी उगवली तं त्यायचं नाव तुमी मंडळीतून कापसान, अन् पोरगी मिशनच्या बोर्डिंगातून घरी येईन. धेनूची शपथ घातली.

"तेव्हापासून लग्न लावताना मला घाम फुटतो," बाबा म्हणाले. "एका माणसाला मी त्याची बायको मेली म्हणून आत घेतलं. ती मेलेली नाही. आता तो आत आहे का बाहेर? आणि मी?"

"आईला सांगितलंत?"

"शपथ आहे."

"मला सांगितलंत की."

"तू परगावची झालीस," ते म्हणाले.

हे वाक्य मला फार दिवस टोचलं. गावातलं ओझं ठेवायला मी गावाबाहेरची जागा झाले होते.

पण मी ते ठेवून घेतलं नाही. बाबांना सोडायला दारव्ह्याला गेले तेव्हा त्यांच्यासमोरच आईला सगळं सांगितलं. मला वाटलं ती चिडेल. तिनं चूल विझवली, धुतलेलं लुगडं नेसली आणि म्हणाली, "चाला."

तिघंही निघालो. एसटीनं दिग्रस, पुसद, मग महागाव. बाबांच्या डोळ्यांवर हिरवं कापड होतं. पुसदच्या स्टँडवर उतरताना आईनं त्यांचा हात धरला, आणि मी दुसरीकडं बघितलं.

पिंजाऱ्यांच्या गल्लीत करीमनखाला नावाची एक म्हातारी विधवा कापूस पिंजायची. तिच्या परड्यात सोनी गादीला टाके घालत होती. केसांत, भुवयांत कापूस. आधी मला ती खालापेक्षाही म्हातारी वाटली.

"पाळकबाबा," ती म्हणाली, "तुमी शब्द मोडला."

"मी मोडला," मी म्हणाले. "जमनीला, हरसिंगला अजून काही माहीत नाही. तू भिऊ नको."

सोनी माझ्याकडे बघत राहिली. मग हसली. "जमनीले माहीत नाही? तिनंच तं मले इथं आनून सोडलं. तिचं माहेर इथून दोन कोसावर हाये. लोटा तिनं ठेवला नदीवर, ओढनी मी ठेवली. दर सनाले येते ते. धेनूलेही आनते. मावशी म्हन्ते मले पोरगी."

बाबा उंबऱ्यावरच बसले.

आत आम्ही पानं उलटत असताना बाहेर व्हरांड्यात त्या दोघींनी आपसांत ठरवलं होतं. त्याला देव पाहिजे होता, पोरीला शाळा पाहिजे होती. मग दोघींपैकी एकीनं मरायचं. जमनी म्हणाली मी मरते. सोनी म्हणाली नाही, नियमात मी बसत नाही, मीच मरते.

"देवळात तीन खेपा बसले समदे," आई म्हणाली. "तुले कोनी पुसलं नाही. मीही नाही पुसलं, मी निस्ती भांडली. आता पुसतो. सोने, तुले घरी यायचं हाये का?"

सोनीनं हातातली सुई गादीत खोचली.

"यायचं हाये," ती म्हणाली.

हरसिंगला बाबांनी स्वतः जाऊन सांगितलं. तो महागावला आला आणि सोनीशी बोलायच्या आधी खालाच्या दारात तोंडावर पागोटं धरून बसून राहिला. सोनीला घेऊन तो तांड्यावर परतला, पण जमनीवर भयंकर रागावला. कितीतरी महिने तिच्या हातची भाकर त्यानं खाल्ली नाही. सोनी त्याला म्हणायची, तिच्या हातची नाही तं माह्याही हातची नाही. मग तो खायला लागला.

पंचांनी हरसिंगचं नाव कापायला सांगितलं. बाबा नाही म्हणाले. या खेपेला साहेब आले तरी नाहीच म्हणाले. "मी त्याला पाण्यातून काढलं आहे, आता परत ढकलणार नाही." तेव्हा आम्हाला मिशनचं घर सोडावं लागलं. धेनूचं बोर्डिंग सुटलं. ती दारव्ह्याच्या सरकारी शाळेत जाऊ लागली. सामान निघालं त्या दिवशी दाऊदमास्तर आले आणि मोठ्या पेटीचं एक टोक त्यांनी धरलं. बैलगाडीत पेटी ठेवून धापा टाकत म्हणाले, "पाळकबाबा, मला तुमचं अजूनही पटलेलं नाही."

"माहीत आहे," बाबा म्हणाले. दोघंही हात धरून उभे राहिले.

आईबाबा दिग्रसला एका खोलीत राहिले. बाबा जिनिंगच्या मजुरांच्या मुलांना शिकवायचे. संध्याकाळी दोघं दारातल्या बाजेवर शेजारी बसायचे. बाबांची झोप मात्र परत आली नाही. सोनीची ती वर्षं कोणाच्या नावावर, ती कोण परत देणार, असं ते पहाटे आईला विचारायचे.

आता दोघंही नाहीत. दारव्ह्याच्या घरात तिसरा पाळक आला. पुण्यात कोणी गाव विचारलं की मी दारव्हा सांगते, पण तिथं माझं छप्पर नाही. सुट्टीत जाते ती तांड्यावर. मागच्या खेपेला धेनू गाडी घेऊन स्टेशनात आली होती. चांगली उंच झाली आहे. वाटेत ती एकदम म्हणाली, "सुमनताई, सोनीमावशीच माही खरी माय व्हय हे मले माहीत हाये. पन याडी म्हनाले जीभ वळत नाही. जमनीयाडीले लहानपनापासून म्हनलं. तुमच्या शास्त्रात काय लिवलं हाये? याडी कोनाले म्हनाव?"

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तुरी फुलल्या होत्या. बाबा असते तर त्यांनी एक पान काढलं असतं, मास्तरांनी दुसरं.

"दोघींलेही म्हन," मी म्हणाले. "म्हनून तं पाय."

तिनं बैलांना हाकारलं. तांडा दिसायला लागला तेव्हा माझ्या ध्यानात आलं, मी "दोघींनाही" म्हणाले नव्हते, "दोघींलेही" म्हणाले होते.