प्लायवूडचा मुराळी

अक्षय्य तृतीयेला आम्ही आखाजी म्हणतो. खानदेशात एक वेळ दिवाळीला लेक आली नाही तर चालेल, पण आखाजीला ती माहेरी आलीच पाहिजे. तिला आणायला तिचा भाऊ जातो. त्याला मुराळी म्हणतात. आणि मुराळी दारात उभा राहायच्या आत नवा ब्लाउज तयार लागतो. म्हणून आमच्या कळसाडीत आखाजीच्या आधी महिनाभर मंगलाबाईंचं मशीन थांबत नाही. गावातल्या सगळ्या सुनांचं माहेर त्यांच्या सुईखालून जातं. त्या स्वतः मात्र लग्नानंतर चव्वेचाळीस वर्षांत एकदाही गेल्या नव्हत्या. भिंतीला भिंत लागून राहतो, तरी हे माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं. अशी माझी अक्कल.

मी आयटीआयमध्ये चौतीस वर्षं सुतारकाम शिकवलं. गाव मला मास्तर म्हणतं. माझं डोकं लवकर तापतं, हेही गावाला ठाऊक आहे. रेघ वाकडी गेली की मी पोरांच्या हातातला रंधा काढून घ्यायचो. मंगलाबाई माझ्याहून दोन वर्षांनी लहान. त्यांचे यजमान पितांबरभाऊ माझ्या भावकीतले, म्हणून मी त्यांना वहिनी म्हणतो. दारात उभी राहिलेली बाई त्या नजरेनं मापतात, टेपला हात लावत नाहीत. आणि तोंडाला काही लगाम नाही. "दिवाळीना फराळ भलता जोरमा झाया वाटतं," असं कुणालाही सांगून मोकळ्या होतात.

दोन वर्षांपूर्वी माझी चेतना कॉलेजातून आली आणि म्हणाली, "पप्पा, मला होडी बांधून द्या." ती एनसीसीच्या नौदल शाखेत होती, तिथं शिडाची होडी चालवायला शिकली. तापीवरच्या उकाई धरणाच्या जलाशयावर शर्यत होणार होती आणि घरी बांधलेल्या होड्यांसाठी वेगळा गट होता. शर्यतीची होडी म्हणजे हलकी, दोघांनी उचलून नेता येईल एवढी. मी आयुष्यभर दारं, पलंग आणि बैलगाड्यांची चाकं शिकवली. जड ते मजबूत, असं माझं गणित. तरी हो म्हटलं. पोरीला नाही म्हणणं मला कधी जमलं नाही.

नकाशे आले. चार मिलिमीटरच्या प्लायचे लांबट तुकडे कापायचे, त्यांच्या कडांना भोकं पाडायची आणि तांब्याच्या तारेनं एकमेकांना शिवायचे. मग सांध्यांवर रेझिन आणि फायबरची पट्टी, ती वाळली की तारा काढून टाकायच्या. खिळा नाही, लाकडात लाकूड अडकवायची कूस नाही, खाच नाही. मला हे सुतारकाम वाटेचना. मी अंगणात तारा पिळत बसलो होतो तेव्हा मंगलाबाई भिंतीवरून डोकावल्या.

"मास्तर, लाकूड शिवी ऱ्हायनात का तुम्ही?"

त्या आत आल्या, सांध्यावरून बोट फिरवलं. बांगडी प्लायला घासली तसा मी ओरडलो, "हात काढा आधी! ओरखडा पडेल!" त्यांनी हात काढला, पण हसल्या. "हाई तं कच्चा टाका शे. आधी धावदोरा, मंग पक्की शिलाई, मंग दोरा काढी टाकानं. तुम्हले चौतीस वर्षमा कोणी शिकाडं नही?"

पुढचे चार महिने त्या रोज संध्याकाळी यायच्या, हात पाठीमागे बांधून. कुठला तुकडा कुठं बसेल हे त्यांना नकाशा न वाचता कळायचं. सपाट तुकडे शिवले की पोट कसं येतं, हे त्या रोजच करत होत्या. माझ्या मात्र नाकी नऊ आले.

होडी झाली. चौदा फूट. आतून तीन हात वॉर्निश, बाहेरून पांढरा रंग. तळाला एक फट असते, तिच्यातून एक फळी खाली पाण्यात सोडतात, म्हणजे होडी वाऱ्यानं आडवी सरकत नाही. ही मधली फळी मी सागाची केली. आठ दिवस नुसता पॉलिश पेपर मारत होतो. गालावर फिरवून पाहायचो. कामिनी, म्हणजे माझी बायको, म्हणाली, "लग्नात माझ्याकडं एवढं पाहिलं नव्हतं."

मग शीड. सुरतेहून कडक पांढरं कापड मागवलं. नकाशात शिडाचे पट्टे होते आणि प्रत्येक पट्ट्याची एक कड थोडी गोलाईत होती. बोटभर गोलाई. मला वाटलं छापताना कागद सरकला असेल. शीड म्हणजे कापडाचा त्रिकोण, त्याला वाकड्या कडा कशाला? मी दोरी धरून सगळ्या कडा सरळ केल्या, कापल्या आणि शिवायला मंगलाबाईंकडं नेल्या.

त्यांनी पट्टा हातात घेतला. "मास्तर, नकाशामा गोल शे, तुम्ही सरळ काबर कापं?"

"तुम्ही फक्त शिवा, वहिनी. बाकीचं मी बघतो."

त्यांनी पट्टे मशीनखाली ओढले. सांगितलं तसं शिवून दिलं.

तापीच्या बॅरेजच्या पाण्यावर आम्ही होडी उतरवली. निम्मं गाव काठावर. वारा चांगला होता. शीड वर चढलं आणि वाळत घातलेल्या चादरीसारखं फडफडत राहिलं. होडी पुढं जाईना, चेतना घामाघूम. शेवटी पितांबरभाऊंनी दोर टाकून ओढून आणली. माझी पार शोभा झाली. आणि मंगलाबाई? पदर तोंडात घालून हसत होत्या. हसून झाल्यावर सगळ्यांसमोर म्हणाल्या, "छातीबिगरना ब्लाउज शिवा तुम्ही, मास्तर! कापड सपाट ऱ्हास, आंग सपाट नही ऱ्हास. वारा बी आंगच शे. त्याले टक्स नको का?"

त्या रात्री मी जेवलो नाही. सकाळी नवं कापड घेऊन त्यांच्या ओट्यावर गेलो आणि म्हटलं, "वहिनी, आता तुमच्या मनानं कापा. काय पाहिजे ते सांगा."

त्यांनी कापड मांडीवर घेतलं, खडू घेतला. पहिली गोल रेघ ओढली आणि म्हणाल्या, "काही नको. आखाजीले माले माहेर लई जा. या होडीमा."

तेव्हा मला समजलं. त्यांचं आमोदं गाव तापीकाठी होतं, उकाईच्या पाण्यात गेलं. त्या आठ वर्षांच्या होत्या. वडिलांना धरणग्रस्तांच्या वसाहतीत घर मिळालं, तिथूनच त्यांचं लग्न झालं. भाऊ नाही. आईवडील वारले. "वसाहत म्हंजे वसाहत," त्या म्हणाल्या, "माहेर तं पाणीखाले शे." उन्हाळ्यात पाणी उतरलं की देवळाचा कळस वर दिसतो, असं त्यांनी नुसतं ऐकलं होतं.

"नेतो की! त्यात काय एवढं!" मी म्हटलं. इतक्या सहज म्हटलं की आता आठवलं तरी लाज वाटते.

त्यांनी शिवलेलं शीड चढवलं आणि वाऱ्यानं त्यात पोट धरलं. होडी निघाली ती मला काठावरून पळत गाठता येईना. फेब्रुवारीत शर्यत झाली. चौदा होड्यांत चेतना अकरावी आली. मला त्याचं काही वाटलं नाही. लोक येऊन माझ्या वॉर्निशवरून हात फिरवत होते, मी फुगून गेलो होतो. शीड कुणी शिवलं हे एकानं विचारलं, तर मी "गावात एक बाई आहे" एवढंच म्हटलं. हेही लिहून टाकतो, लपवून काय उपयोग.

घरी आणल्यावर होडी मी पडवीत टांगली, तिच्यावर चादर घातली. मार्चमध्ये चेतनाला पुण्याला नोकरी लागली, दोन मेला हजर व्हायचं. आखाजी तीस एप्रिलची. शीड धरणारी घरात तीच एक. न्यायचं तर याच आखाजीला.

एप्रिलच्या सुरुवातीला मी कामिनीच्या माहेरी खांडबाऱ्याला गेलो होतो, तिथून पुढं नवापूरवरून जलाशयाच्या काठाला गेलो. सुरुपसिंग नावाचा मासेमार भेटला. त्यानं बोट करून कळस दाखवला. म्हणाला, "तिकडं खाली सगळी खोडं आहेत, दगड आहेत. आमचे डोंगेसुद्धा जपून न्यावे लागतात." डोळ्यांसमोर माझी सागाची फळी आली.

परत आल्यावर मंगलाबाईंना म्हटलं, "वहिनी, आपली होडी नाजूक आहे. तिथं एक सुरुपसिंग आहे, त्याला सांगून ठेवतो. त्याचा डोंगा भाड्यानं घेऊ."

मशीन थांबलं. त्यांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. "भाडाना मुराळीसंगे कोणी माहेर जास का?" एवढं बोलल्या आणि पायडल मारायला लागल्या.

मी मनात म्हटलं, होईल शांत. आठ दिवसांनी कामिनी हातात कापड घेऊन आली. आखाजीला माहेरी घालायचा तिचा अंजिरी ब्लाउज. दिला तसा घडी केलेला, कात्रीसुद्धा न लागलेला.

"मास्तरले सांग, कापड कमी पडनं, असं म्हणाल्या," कामिनी म्हणाली. "मीटरभर कापड कमी पडलं? मंगलाबाईंना? काय करून ठेवलंत तुम्ही?"

मी सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ती माझी बाजू घेईल. तिनं कापड माझ्या मांडीवर टाकलं. "मला न्यायला दर वर्षी भाऊ येतो. एखाद्या वर्षी त्यानं रिक्षावाल्याला पाठवलं असतं, तर मी गेले असते का?" असं म्हणून ती आत गेली.

मी पडवीत गेलो, होडीवरची चादर काढली. फळी काढून हातात घेतली. खरंच सुंदर झाली होती. पण शिडावर नजर गेली. प्रत्येक सांध्यावर मंगलाबाईंची शिलाई, एकसारखी, एक टाका इकडचा तिकडं नाही. त्यांच्या कामामुळं माझी होडी चालली आणि माझ्या लाकडाला ओरखडा पडू नये म्हणून मी त्यांचं माहेर अडवून बसलो होतो. मला स्वतःची इतकी चीड आली की डोळ्यांत पाणी आलं.

आखाजीच्या आदल्या दिवशी सकाळी टेम्पोत होडी बांधली. धुतलेला सदरा घातला, टोपी घातली आणि मंगलाबाईंच्या दारात जाऊन उभा राहिलो.

"चला वहिनी. घ्यायला आलो."

त्या मशीनवरून उठल्या नाहीत. "दीर कधी मुराळी व्हस का?"

"मग आजपासून भाऊ म्हणा," मी म्हणालो.

त्या आत गेल्या. पितांबरभाऊ माझ्याकडं बघून नुसते मान हलवत होते. बऱ्याच वेळानं बाहेर आल्या त्या हिरवी साडी नेसून, हातात सांजोऱ्यांचा डबा. ब्लाउज नवा होता. शिलाई ताजी होती, कापड मात्र जुनं. किती वर्षं जपून ठेवलं होतं कुणास ठाऊक.

जलाशयावर वारा मंद होता. होडीत दोघींचीच जागा, म्हणून मी काठावर राहिलो. चेतनाला शंभर सूचना द्यायच्या ठरवल्या होत्या, एकही दिली नाही. शीड कळसाकडं गेलं. सरळ, छान. मग तिथं पोचल्यावर काहीतरी विचित्र सुरू झालं. मोकळं पाणी सगळीकडं आणि होडी कोपरे घ्यायला लागली. थोडं पुढं, मग एकदम डावीकडं, मग उजवीकडं, पुन्हा थोडं पुढं. "या पोरीला झालंय काय? असा वारा वाया घालवतात का?" मी सुरुपसिंगजवळ चिडचिड करत होतो.

सुरुपसिंग विडी ओढत म्हणाला, "मास्तर, त्या गावातून चालल्यात."

मग मीही नीट बघितलं. मंगलाबाई हात करून वाट दाखवत होत्या. चेतनानं नंतर सांगितलं, "आठून वळ, आठे गल्ली शे. आते विहीर उनी, जरासं बाजूले ले," असं त्या सांगत होत्या. देवळामागं, जिथं गाव उंचावर चढत गेलं होतं, तिथं एका जागी शीड खाली आलं. होडी तिथं खूप वेळ थांबली.

परत आल्या तेव्हा डबा रिकामा होता, हात कोपरापर्यंत ओले. मी पाण्यात उतरून होडी धरली. चेतनानं मधली फळी वर ओढली आणि माझ्याकडं घाबरून पाहिलं. खालच्या कडेला वीतभर ओरखडा, सागाच्या आत गेलेला.

मंगलाबाईंनी माझ्या हाताला धरून पाय खाली ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मला मास्तर म्हटलं नाही.

"भाऊ, फळी घासाई गई. रागे भरू नका. मन्हा बापना ओटाले लागनी."

कामिनीचा अंजिरी ब्लाउज त्याच संध्याकाळी शिवून झाला. फळीला या वर्षी मी पुन्हा वॉर्निश मारलं. ओरखडा तेवढा सोडून.